ब्रदरचा भाऊ

दवाखान्यात बाई नर्स असली की सिस्टर आणि पुरुष नर्स असला की ब्रदर. माझी बहुतेक नोकरी कुरुंद्यात आणि आसपासच्या गावांत झाली. तिथे मला कुणी नावाने हाक मारली नाही. लेकरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांसाठी मी ब्रदर. माझ्या घरात जो माणूस राहायचा, तो गावासाठी 'ब्रदरचा भाऊ'. ब्रदर म्हणजे भाऊच, हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण ब्रदरचा भाऊ म्हणताना कुणाला हसू यायचं नाही. आम्हा दोघांना मात्र यायचं. पुढे पुढे त्याचं हसू थांबलं.

तो माझा भाऊ नव्हता, कुठल्याच नात्याने नाही. मी समलिंगी आहे, तोही आहे, आणि आम्ही दोघांनी मिळून संसार केला. हे साधं वाक्य लिहायला मला साठी ओलांडावी लागली. आणखीही एक गोष्ट दुरुस्त करायची आहे, ती जास्त महत्त्वाची.

तो वसमतच्या मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, हळदीच्या आडतीत वजनकाट्यावर होता. राहायला कुरुंद्यात. हळद पॉलिश करायच्या ड्रममध्ये त्याचा हात सापडला, तळव्याला चीर गेली, म्हणून तो दवाखान्यात आला. टाके डॉक्टरांनी घातले, पट्टी मी बांधली. जखम भरून आली तरी तो पट्टी बदलायला येत राहिला. शेवटी मीच म्हणालो, "आता पट्टीची गरज नाही."

"मला माहीत हाय," तो म्हणाला. "पट्टीसाठी कोण येऊन राहिलंय?"

त्याच्या नखांत, कानामागे, सदऱ्याच्या शिवणीत कायम हळद असायची. गावातल्या बायका मला विचारायच्या, "ब्रदर, तुमाला हळद कधी लागायची?" मी घरी येऊन ते सांगितलं की तो आपले पिवळे हात माझ्या दोन्ही गालांना पुसायचा. "लागली म्हणावं. सांग त्यायला."

मी कुणाला सांगितलं नाही. उलट दुसरंच सांगितलं.

एकदा दवाखान्यासमोरच्या चहाच्या टपरीवर आमच्या कंपाउंडरने सगळ्यांसमोर विचारलं, "ब्रदर, ते तुमच्यासंगं राहतात ते कोण?" मी आधीच ठरवून ठेवलं होतं. आडनावं वेगळी, म्हणून चुलतभाऊ चालणार नव्हता. मी म्हणालो, "मावसभाऊ आहे." इथे थांबलो असतो तरी चाललं असतं. पण सगळे माझ्याकडे बघत होते आणि मला घाम फुटला होता. मी पुढे म्हणालो, "त्याला घरी कुणी नाही. म्हणून ठेवून घेतलंय."

तो माझ्या मागेच उभा होता, दोन्ही हातांत चहाचे ग्लास घेऊन. एक ग्लास त्याने माझ्यापुढे ठेवला आणि कंपाउंडरला म्हणाला, "व्हय. दादांचे उपकार हायेत."

त्या दिवसापासून चारचौघांत तो मला दादा म्हणू लागला.

आता दुरुस्ती. मी त्याला ठेवून घेतलं नव्हतं. घर त्याचं होतं, भाड्याने त्याने घेतलेलं. मी माझी ट्रंक घेऊन त्याच्याकडे राहायला गेलो होतो. स्वयंपाक तो करायचा. माझी आई अंथरुणाला खिळली तेव्हा माझ्या सख्ख्या भावाने हात वर केले. तिला आपल्याकडे आणू, हे या खोट्या मावसभावाने म्हटलं, मी नाही. तिची वेणी तो घालायचा. मी नर्स असून मला कधी नीट वेणी घालता आली नाही. आई म्हणायची, "याचा हात हलका हाय, तुझा सरकारी हाय."

पण गावाने काय पाहिलं? एक सरकारी नोकर, पांढऱ्या कपड्यातला, आणि एक काट्यावरचा माणूस, हळदीने माखलेला. कोण कुणाला पोसतं हे त्यांनी आपलं ठरवून टाकलं, आणि मी ते ठरू दिलं. मला गावात देवमाणूस म्हणायचे. ऐकायला बरं वाटायचं, हे खोटं कशाला सांगू.

मी निवृत्त झालो तेव्हा निरोपाच्या कार्यक्रमात शाळेचे जुने हेडमास्तर बोलले. गुरुजींचं बोलणं ऐकायला लोक जेवण सोडून थांबत. ते म्हणाले, "सख्खे भाऊ भावाला विचारत नाहीत अशा काळात या माणसाने मावसभावाला पोटच्या लेकरासारखं सांभाळलं." टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत तो उभा होता. तोही टाळ्या वाजवत होता.

घरी जाताना तो म्हणाला, "भाषण चांगलं झालं."

मी सत्काराचा नारळ दुसऱ्या हातात घेतला.

"लेकरासारखं म्हणले. तुझ्याहून चार वर्षांनीच लहान हाय मी," तो म्हणाला, आणि घरापर्यंत माझ्या पुढे चालत राहिला.

त्यानंतरची काही वर्षं मी घरी बसून काढली. लोक इंजेक्शन घ्यायला, बीपी बघायला यायचे, पण ते काही खरं काम नव्हे. त्यात त्याचा खोकला वाढला. डॉक्टरांनी हळदीच्या धुळीपासून लांब राहायला सांगितलं, म्हणून त्याने मोंढा सोडला. दोघे घरात, समोरासमोर, दोन खुर्च्यांवर. अशा वेळी दवाखान्यातल्या एका जुन्या सिस्टरने मोबाइलवर जाहिरात पाठवली. हिंगोलीत नवं खासगी हॉस्पिटल निघालं होतं, अनुभवी नर्स हवे होते, स्त्री किंवा पुरुष.

मी त्याला वाचून दाखवली, हसण्यावारी नेण्यासाठी. तो हसला नाही.

"जाऊ," तो म्हणाला.

"या वयात?"

"वयाचं त्यांनी कुठं लिहिलंय? पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचली. वयाचं खरंच काही नव्हतं.

"पण एक अट हाय माझी," तो म्हणाला. "तिथं मला भाऊ म्हणायचं न्हाई. दुसरं काय म्हणायचं ते तुझं तू बघ. भाऊ न्हाई. भाऊ म्हणलास की मी परत कुरुंद्याला."

मी लगेच हो म्हणालो. कायदाही आता बदलला आहे, असं नातं गुन्हा राहिलेलं नाही, हे मला माहीत होतं. टीव्हीवर ती बातमी लागली तेव्हा मी आवाज कमी केला होता आणि त्याने उठून तो पुन्हा वाढवला होता.

हिंगोली काही परदेश नाही. औंढ्यावरून गेलं की आलंच. पण माझी सगळी हयात खेड्यांत गेलेली. हिंगोलीला आम्ही जायचो ते कोर्टकचेरीच्या कामाला, नाहीतर दसऱ्याच्या प्रदर्शनाला, आणि संध्याकाळच्या गाडीने परत. तिथे राहायचं, सकाळी उठून तिथल्याच रस्त्याने कामाला जायचं, या कल्पनेने मी लग्नाआधीच्या पोरासारखा झालो. त्याने माझ्या केसांना मेंदी लावली. ती काळी निघायच्या ऐवजी विटकरी निघाली. "शोभतंय," तो म्हणाला. "हिंगोलीत सगळे असेच असतील." मी पांढरे बूट घेतले आणि घरातल्या घरात घालून चाललो. टेम्पोत सामान चढवताना शेजारीण म्हणाली, "ब्रदर, तुमी चाललात नोकरीला, हे समजलं. पण तुमचे भाऊ काहून चालले?" तो टेम्पोतून म्हणाला, "त्यायला पोळ्या कोण करून घालंल?" ती हसली. मीही हसलो. सगळ्या रस्त्याने मी हसतच होतो. टेम्पोवाल्याने विचारलं, लग्नाचं सामान आहे का.

खोली आम्ही फोनवरून ठरवली होती, अकोल्याच्या रस्त्याला, माडीवरची. घरमालकीणबाई खाली राहायच्या. चष्म्याच्या मोठ्या काचा, कमरेला किल्ल्या. तो खाली टेम्पोतून खाट उतरवत होता. मी आगाऊ भाडं द्यायला आत गेलो.

"दोघंच का?" बाईंनी विचारलं.

"हो."

"ते कोण तुमचे?"

मी शब्द शोधत होतो. खरंच शोधत होतो. मित्र म्हणावं तर तेही खोटंच. तेवढ्यात बाईच म्हणाल्या, "भाऊ का?"

आणि माझी मान हलली. मी काही बोललो नाही, फक्त मान हलली, इतक्या वर्षांच्या सवयीने. मी मागे वळून पाहिलं तर तो दारात उभा होता, खाटेची एक बाजू खांद्यावर.

त्याने खाट वर नेली. भांडी लावली. गॅस जोडून घेतला. स्वतःचं बोचकं मात्र सोडलं नाही. त्याचे सगळे कपडे एका निळ्या चादरीत बांधलेले होते. ते बोचकं त्याने दाराजवळ ठेवलं, वर दोन गाठी तशाच.

"अरे, मी म्हणालो नाही. मान हलली."

"बराबर हाय," तो म्हणाला. "तुझी मानच खोटं बोलती. तोंड बिचारं चांगलं हाय."

"आणि हे बोचकं?"

"राहू दे. परत जायला सोपं."

रोज सकाळी गाठ न सोडता चादरीच्या कोपऱ्यातून हात घालून तो एक सदरा ओढून काढायचा. कधी हाताला धोतर लागायचं, कधी टॉवेल, आणि मग तो शांतपणे तेच परत आत कोंबायचा. मला हसूही यायचं आणि भीतीही वाटायची. तो बोलल्याप्रमाणे करणारा माणूस आहे.

मुलाखतीच्या दिवशी हॉस्पिटलच्या दारात वॉचमनने अडवलं. "आजोबा, पेशंट कुठाय?"

"पेशंट नाही. मी नोकरीसाठी आलोय."

"कुणाच्या?"

"ब्रदरच्या."

"कुणाच्या ब्रदरच्या?"

"कुणाच्या नाही. मीच ब्रदर."

त्याने माझे विटकरी केस पाहिले आणि आत सोडलं. आत बाकावर पंधरा-वीस पोरं-पोरी बसलेली, सगळी नुकती पास झालेली. एक पोरगी उठून मला जागा देत म्हणाली, "बसा ना, नातीसोबत आलात का?" मी म्हणालो, "नाही गं, मीच मुलाखतीला." ती इतकी खूश झाली की तिने आपल्या डब्यातले चिवड्याचे दोन घास मला दिले. ते खाताना मी सारखा श्वास ओढून घेत होतो. औषधांचा, स्पिरिटचा, फिनेलचा तो वास किती वर्षांनी नाकात भरला होता.

मुलाखत डॉक्टर मॅडमनी घेतली. तिशी-पस्तिशीच्या असतील, नांदेडकडच्या. कामाचं विचारलं, मी सांगितलं. मग म्हणाल्या, "घरी कोण असतं? नाइट ड्युटी लागेल म्हणून विचारते."

मी खुर्चीचा हात धरला. आमच्याकडच्या बाया नवऱ्याला काय म्हणतात ते मला आठवलं. त्या नाव घेत नाहीत, नवराही म्हणत नाहीत. म्हणतात, आमचं माणूस.

"मी आणि माझं माणूस," मी म्हणालो. "ते पण पुरुषच आहेत."

मॅडमनी पेन वहीवर टेकवलं. "म्हणजे पार्टनर?"

"पार्टनर आमच्याकडे आडतीत असतात, मॅडम. हे घरातले."

त्या हसल्या, पण वाईट नाही. मग वहीत काहीतरी लिहीत म्हणाल्या, "तुम्ही नाइटला आलात तर त्यांना एकटं राहायला चालेल ना? तब्येत वगैरे?"

हा प्रश्न मला कुणी कधी विचारला नव्हता. दवाखान्यातल्या सगळ्या विवाहित लोकांना तो विचारलेला मी ऐकला होता. मी म्हणालो, "खोकला आहे, पण राहतील." माझा आवाज कसातरीच निघाला. मॅडमना वाटलं मला पाणी हवं आहे, त्यांनी ग्लास पुढे केला.

नोकरी लागली. मी रिक्षा न करता जवळजवळ पळतच घरी आलो, ते नवे बूट चावत असूनही. जिन्यातूनच ओरडलो, "सांगितलं."

तो कणीक मळत होता. सगळं ऐकून घेतलं. त्याला आनंद झाला होता, मला दिसत होतं, त्याचे कान लाल होतात. पण बोचक्याकडे मी पाहिलं तेव्हा तो म्हणाला, "त्या शिकलेल्या हायेत. ओळख ना पाळख. त्यांना सांगायला तुला काय लागलं?"

"मग कुणाला सांगू?"

"ज्यांच्यापुढं 'ठेवून घेतलंय' म्हणलास, त्यांच्यापुढं सांग."

"ते सगळे कुरुंद्यात राहिले."

"मंग बोचकं बी राहील."

मी कामावर जाऊ लागलो. दिवस कसे गेले सांगता येत नाही. नव्या पोरी मला 'ब्रदरआबा' म्हणू लागल्या. कुणाला शीर सापडली नाही की मला बोलवत, मला सापडली नाही की मी त्यांना. मी रोज येऊन त्याला सगळं सांगायचो, तो ऐकायचा, दुपारी डबा घेऊन हॉस्पिटलात यायचा, आणि सकाळी चादरीच्या कोपऱ्यातून सदरा ओढायचा.

मग गुरुजी आले. तेच, निरोपाच्या भाषणाचे. त्यांच्या बायकोला उलट्या होऊन अंगातलं पाणी कमी झालं होतं. कुरुंद्याहून गाडी करून आणलेलं. मी सलाईन लावली, बाईंना हुशारी आली, आणि गुरुजींनाही. वॉर्डात सहा खाटा होत्या, त्यांचे नातेवाईक, दोन सिस्टर. गुरुजींना एवढे श्रोते पुरे होते.

"तुमाला माहीत न्हाई हा कोण माणूस हाय," ते सगळ्यांना म्हणाले. "देवमाणूस. मावसभावाला यानं..."

त्याच क्षणी तो डबा घेऊन दारात आला. गुरुजींनी हात केला. "हा पाहा, आलाच. हाच तो. ब्रदरचा भाऊ. याला घर ना दार, याला ब्रदरनं..."

तो तिथेच थांबला. डबा दोन्ही हातांत धरलेला, अगदी टपरीवरच्या त्या ग्लासांसारखा. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. तो 'व्हय' म्हणायच्या तयारीत होता. ते मला सहन होईना.

"गुरुजी," मी म्हणालो, "ते तसं नाही."

"काय न्हाई?"

"मी याला ठेवून घेतलं नाही. याच्या घरात मी राहायला गेलो. माझ्या आईचं यानं केलं. मी टपरीवर खोटं सांगितलं, ते तुमच्यापर्यंत आलं, आणि तुम्ही त्याचं भाषण केलंत."

गुरुजींनी वर केलेला हात खाली घेतला. "म्हंजे भावानंच तुमाला सांभाळलं म्हणता?"

"भाऊ नाही, गुरुजी. भाऊ कधीच नव्हता. हे माझं माणूस."

कुणाच्या तरी मोबाइलवर हिंदी मालिका चालू होती, तेवढाच आवाज. गुरुजींनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग "औषधाचं बघून येतो," म्हणाले आणि माझ्याकडे न बघता बाहेर गेले. औषधं आधीच आलेली होती. त्यानंतर ते माझ्याशी बोललेले नाहीत, आजपर्यंत नाही. मला त्याचं वाईट वाटतं. त्यांच्या भाषणाने मी एके काळी सुखावलो होतो.

पण त्यांची बायको खाटेवर होती, सलाईन चालू, कुठे जाणार? त्या डोळे बारीक करून एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होत्या.

"माझं माणूस म्हणलात," त्या म्हणाल्या.

"हो, काकू."

"आमी म्हणतो तसं?"

"तसंच."

त्यांनी मोकळ्या हाताने पदर सारखा केला. आवाज बारीक होता, पण खट्याळपणा गेलेला नव्हता. "मंग आमाला तर लग्नात समद्या जणी घेरून बसल्या होत्या. नाव घे, नाव घे. घेतल्याबिगर घरात येऊ देत नव्हत्या. तुमी बरे सुटलात."

पलीकडच्या खाटेवरची बाई फिसकन हसली. एक सिस्टर म्हणाली, "खरंच की. आबा, नाव घ्या."

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते. "चल, डबा गार होऊन राहिला," तो पुटपुटला, पण हलला नाही.

मला उखाणा कुठला येणार? मी समोर पाहिलं. स्टँडला बाटली लटकत होती.

"हिंगोलीच्या दवाखान्यात सलाईनची बाटली," मी म्हणालो, "—चं नाव घेताना लाज नाही वाटली."

तिथे मी त्याचं नाव घेतलं, पुरं, आडनावासकट. इथे रेघ ओढली आहे. नाव वारंवार घ्यायचं नसतं.

काकू हसल्या आणि त्यांच्या हातातली सुई हलली, मला ती पुन्हा नीट करावी लागली. तो डबा टेबलावर ठेवून बाहेर निघून गेला, पाठमोरा, भरभर.

ड्युटी संपवून मी घरी गेलो. जिन्याशी मालकीणबाई दिसल्या, म्हणाल्या, "भाऊ केव्हाचे आलेत वर." मी म्हणालो, "भाऊ नाहीत ते, बाई," आणि उरलेलंही सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जातं. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "मग भाडं वेळेवर देणार ना?" मी हो म्हणालो.

वर तो जमिनीवर बसला होता, बोचकं मांडीत. गाठी इतक्या बसल्या होत्या की सुटत नव्हत्या. मी खिशातून पट्टी कापायची कात्री काढली.

"कापू नको," तो म्हणाला. "चादर चांगली हाय. तू ती बाजू धर."

मी ती बाजू धरली. त्याने दात लावले.